काकूंचा विग आणि तुझी शेपटी

पत्र: मी एकवीस वर्षांची आहे, जुळे सोलापूरला राहते. माझ्या काकूंना स्तनाचा कॅन्सर झालाय, उपचार बार्शीला चालू आहेत. पहिली केमो पंधरा दिवसांनी आहे आणि केस जाणार असं डॉक्टरांनी सांगितलंय. काकूंचे केस खांद्याच्या थोडे खाली आहेत, माझे कमरेपर्यंत. मला माझे केस कापून काकूंसाठी विग करायचा आहे. पण गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीने पार्लरमध्ये केस कापले, गोळा करून पिशवीत भरले आणि पाठवले, तर “वापरता येणार नाहीत” असं उत्तर आलं. माझे केस असे वाया जायला नकोत. मी महिन्याला मेंदी लावते, दीड वर्षापूर्वी स्टेप कट केला होता. आजी म्हणते, द्यायचेच तर तिरुपतीला दे. शिवाय तिने पाच वर्षं डब्यात साठवलेलं गुंतवळ आहे, तेही पाठव म्हणते. किती इंच, कसे कापायचे, कुठे पाठवायचे, सगळं सांगा. – एक पुतणी

प्रिय पुतणी,

केस सोडवायच्या आधी कामाचा गुंता सोडवू. काकूंना विग मिळणं आणि तुझे केस दान होणं, ही दोन कामं तू एकाच वेणीत घातली आहेस. दोन्ही कर, पण वेगवेगळी. तुझ्या केसांच्या विगची वाट बघत बसलात, तर काकूंची केमो संपून डोक्यावर नवे केस दिसायला लागतील आणि विग तयार नसेल.

पहिल्या केमोनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत केस गळायला लागतात. म्हणजे आजपासून तुमच्या हातात जेमतेम महिना आहे. दान केलेले केस संस्थेकडे पोचले की लांबी, जाडी आणि रंग बघून वेगळे केले जातात, जुळणाऱ्या इतर शेपट्या मिळेपर्यंत थांबतात, मग धुणं, रंगवणं, विणणं. त्यात महिने जातात. शिवाय एका शेपटीत अख्खा विग होत नाही. तुझी बारा इंचांची शेपटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलीस तर बहुधा ५० ते १०० ग्रॅम भरेल. पूर्ण विगला १०० ते १५० ग्रॅम केस लागतात, तेही आखूड केस विंचरून काढल्यानंतरचे. आखूड केस गळून आणि लांबी-रंग जुळवून प्रत्येक शेपटीतले थोडेच केस उरतात, म्हणून एका विगात चार-पाच जणींपासून दहा जणींपर्यंतचे केस असतात, आणि “हे माझ्या काकूंनाच द्या” असं संस्थेला सांगून चालत नाही.

तर आधी काकू. बार्शीला गेलात की हॉस्पिटलच्या सोशल वर्करला, नाहीतर केमो वॉर्डच्या सिस्टरना विचारा, की मोफत विग कुठून मिळतो. मुंबईत मदत चॅरिटेबल ट्रस्टचा ‘कोप विथ कॅन्सर’ हा उपक्रम केस घेतोही आणि रुग्णांना विग देतोही. अशा ठिकाणी उपचार चालू असल्याचा डॉक्टरांचा कागद लागतो, तो पहिल्याच फेरीत मागून घ्या. काकूंचा केसांसकट एक फोटो काढून ठेवा, पुढून, बाजूने आणि मागून. भांग कुठे पडतो, कपाळावर केस कुठून सुरू होतात, हे नंतर कुणालाच नीट आठवत नाही. डोक्याचं माप शिंप्याच्या टेपने घ्या: कपाळावरची केसांची रेघ, कानांच्या मागून, मानेच्या खोबणीवरून परत कपाळ. बहुतेक मोठ्या बायकांचं ते २१ ते २३ इंचांत येतं. केस गेल्यावर माप थोडं कमी होतं, म्हणून मागे कमीजास्त करायच्या पट्ट्या असलेलाच विग घ्या.

विकतचा सिंथेटिक विग स्वस्त आणि हलका असतो, धुतल्यावरही त्याचा आकार टिकतो. पण तो प्लास्टिकच्या जातीचा धागा आहे, आच सोसत नाही. तव्यावर वाकून कडक भाकरी करताना किंवा कुकरचं झाकण उघडताना कपाळावरच्या बटा वाफेने आक्रसतात, कुरळ्या होऊन चिकटतात आणि मग काही केल्या पूर्ववत होत नाहीत. स्वयंपाकघरात विग काढून सुती रुमाल बांधायचा, हे काकूंना विग हातात देतानाच सांग. खऱ्या केसांचा विग उष्णता सोसतो, पण जड असतो आणि धुतला की दर वेळी नव्याने बसवावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कुठलाही विग चार-पाच तासांच्या पुढे नकोसा होतो. आत सुती टोपी घालायची आणि रोज बदलायची. डिंक किंवा चिकटपट्टी लावू देऊ नका, केमोत डोक्याची कातडी आधीच हुळहुळी झालेली असते.

आता तुझ्या मनातली गोष्ट, घरातल्याच केसांचं काहीतरी काकूंच्या डोक्यावर असावं ही. त्याला एक मधली वाट आहे, आणि तिला पूर्ण विगच्या निम्म्याहून कमी केस पुरतात. ती म्हणजे टोपीला शिवलेली केसांची झालर. डोक्याचा वरचा भाग मोकळा, फक्त कानशिलापासून मागून दुसऱ्या कानशिलापर्यंत केस. वर रुमाल, स्कार्फ किंवा पदर. बघणाऱ्याला पदराखालून केस उतरलेले दिसतात. आपल्याकडच्या बायका गंगावन लावायच्या ना, तीच विद्या. यासाठी आम्ही आधी काकूंचे स्वतःचे केस सुचवू. पोत आणि रंग त्यांचाच राहतो, आठ-दहा इंच लांबी पुरते. मात्र ते केमोच्या आधी कापायला हवेत. केमोनंतर उशीवर, कंगव्यात आलेले केस मूळ-शेंडा मिसळून येतात, त्यांचं काही होत नाही. निर्णय अर्थातच काकूंचा. काही जणींना केस आपल्या हाताने आधीच उतरवणं बरं वाटतं, काहींना शेवटपर्यंत हवे असतात. विचारायचं एकदाच.

घरात शिलाई मशीन असेल तर झालर घरीही होते. पाऊण इंच रुंद सुती पट्टी घ्या. तिच्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा, नाहीतर केस मशीनच्या दातांत ओढले जातात. पट्टीवर केसांचा पातळ, चपटा थर पसरा, मुळाकडची बाजू पट्टीच्या बाहेर अर्धा इंच येईल अशी. बारीक टाक्याची टीप मारा. मग बाहेर आलेला तो अर्धा इंच उलटा दुमडून पट्टीवर आणा आणि त्यावर दुसरी, तिसरी टीप. ही दुमड चुकवलीत तर पहिल्याच विंचरण्यात केस टाक्यांतून सरळ निघून येतात. खालचा कागद फाडून काढा. अशा दोन-तीन पट्ट्या मऊ टोपीच्या आतून, मागच्या बाजूला एकाखाली एक शिवायच्या. घट्ट ओढून शिवू नका, टोपीचं ताणणं जातं. काकूंचे केस कमी पडले तर तुझी एक शेपटी यात घालता येईल, बाकीच्या दानाला.

आता दान. तुझ्या मैत्रिणीचं काय चुकलं हे कळलं की निम्मं काम झालं.

डोक्यावरचा एक लांब केस घे. तो अंगठा आणि तर्जनीत धरून मुळाकडून शेंड्याकडे बोटं सरकव: गुळगुळीत. आता शेंड्याकडून मुळाकडे: किंचित अडखळतं, खरखर लागते. केसावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक पापुद्रे असतात आणि सगळ्यांची तोंडं शेंड्याकडे असतात. तोच केस दोन बोटांत लांबीच्या दिशेने पुढे-मागे चोळलास तर तो हळूहळू एका बाजूला सरकत जातो. तो सरकतो ती मुळाची बाजू. विगमध्ये काही केस मुळाकडून आणि काही शेंड्याकडून लागले, तर एकाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात आणि दोन-चार धुण्यांत त्याची जट होते. पार्लरच्या फरशीवरून गोळा केलेल्या केसांत मूळ कुठलं, शेंडा कुठला, हे कोण निवडत बसणार? मैत्रिणीचे केस चांगलेच असतील, त्यांची दिशा हरवली एवढंच.

आजीच्या गुंतवळाचंही तेच. ते संस्थेला पाठवू नका, पण फेकूही नका. गल्लीत “केसांवर भांडी” ओरडत येतात त्यांना द्या. तो वेगळा धंदा आहे. हे गुंतवळ शेजारच्या कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरासारख्या ठिकाणी जातं, तिथे माणसं बसून एकेक केस सोडवतात. पुढे कारखान्यात रसायनाने खवलेच उतरवतात आणि वरून सिलिकॉनचा लेप देतात, म्हणजे दिशेचा प्रश्न मिटतो. दानावर चालणाऱ्या संस्थांना हे परवडत नाही. पाच वर्षांच्या गुंतवळाला आजीला एखादं पातेलं तरी मिळावं.

आणि तिरुपतीचं: तिथे वाहिलेल्या केसांचा लिलाव होतो आणि पैसा देवस्थानाला जातो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक तेलुगू घरांत तो नवस आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ते केस कुण्या रुग्णाला मोफत विग म्हणून मिळत नाहीत, हा फरक आजीला शांतपणे सांग. सोमवारी-शनिवारी कापू नको म्हणाली तर ऐक. बुधवारी कापलेले केसही तेवढेच लांब असतात.

लांबी: ‘कोप विथ कॅन्सर’ला किमान १२ इंच लागतात. काही संस्था कमी चालवून घेतात, काहींना जास्त हवे असतात, आणि नियम बदलत राहतात. म्हणून कात्री हातात घ्यायच्या आधी त्या संस्थेचा ताजा नियम बघून घे. एवढी लांबी मागण्यामागे कारण आहे. विग विणणारा बारीक आकडीच्या सुईने एक-दोन केस जाळीतून ओढतो आणि दुमडून गाठ मारतो. त्या दुमडीत प्रत्येक केसाचे दीड-दोन इंच जातात. आठ इंचांच्या केसाचा जेमतेम कानापर्यंतचा विग होतो.

तुझी खरी अडचण स्टेप कटची आहे. दीड वर्ष झालं म्हणजे केस सारखे झाले असं नाही. महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर या हिशोबाने सगळेच नऊ इंच वाढले, पण पायऱ्यांमधला फरक तेवढाच राहिला. शेपटी बांधून टोकापर्यंत मोजलंस तर टेप अठरा इंच दाखवेल आणि आत निम्मे केस दहा इंचांचे असतील. संस्थेत शेपटी उभ्या खिळ्यांच्या फळीतून ओढून विंचरतात, तेव्हा हे आखूड केस गळून वेगळे पडतात. म्हणून माप सगळ्यांत वरच्या, सगळ्यांत आखूड पायरीचं घे. ती पायरी कमी भरत असेल तर वरच्या भागाच्या शेपट्यांना वेगळ्या रंगाचं रबर लाव आणि चिठ्ठीत तसं लिही, किंवा तेवढे केस ठेवून फक्त खालचे दे. मानेजवळचे केस स्टेप कटमध्ये सहसा सर्वांत लांब असतात. केस कुरळे असतील तर ताणून मोजायचं, ओले असताना मात्र कधीच मोजायचं नाही. ओला केस रबरासारखा ताणला जातो आणि वाळल्यावर खोटा पडतो.

मेंदीबद्दल स्पष्ट सांगायचं तर काही संस्था घेतात, काही नाही, आणि न घेणाऱ्यांचं चूक नसतं. वेगवेगळ्या जणींचे केस एका रंगात आणायला त्यांना रंग उतरवावा किंवा चढवावा लागतो. साध्या मेंदीचा रंग केसातल्या प्रथिनाला घट्ट धरून बसतो, उतरत नाही, आणि वर दिलेला रंग त्या भागावर वेगळा दिसतो. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांचं आणखी अवघड. त्यात कधी रासायनिक डाय असतो, कधी धातूचे क्षार. धातूचे क्षार असलेल्या केसाला ब्लीच लागलं की केस तापतो आणि तुटतो. तुझ्या पुडीवर काय लिहिलंय ते वाच, संस्थेला आधी विचार आणि पाठवताना चिठ्ठीत लिही. लपवून पाठवलेली एक शेपटी इतर नऊ जणींच्या केसांची मेहनत बिघडवते. रीबाँडिंग किंवा स्ट्रेटनिंग केलं असेल तर तेही लिहायचं. तसा केस आतून कमजोर झालेला असतो, गाठीपाशी तुटतो.

उवा-लिखा असतील तर आधी त्या. उवा औषधाने मरतात, पण लिखांची टरफलं केसाला चिकटून राहतात आणि ती दिसली की अख्खी शेपटी बाजूला पडते. केस ओले करून, कंडिशनर लावून बारीक फणीने बट-बट ओढ.

कापायच्या आदल्या दिवशी धुवायचं, नळाला पाणी येतं त्या दिवशी धुतलेलं बरं. बोअरचं जड पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, केसांवर पांढुरका थर राहतो आणि केस राठ लागतात. आपल्याकडे नळ काही दिवसांआड येतो, तेव्हा पार्लरची वेळ पाण्याच्या दिवसावरून ठरव. दोनदा शाम्पू, तेलाचा मागमूस राहता कामा नये. बंद पिशवीत तेल खवट होतं आणि धूळ धरतं. मग वाळवणं. सोलापूरच्या हवेत वरचे केस तासाभरात वाळतात आणि फसवतात. कमरेपर्यंतच्या दाट केसांचा मधला भाग, मानेपाशी, संध्याकाळपर्यंत दमट असतो. रात्रभर मोकळे ठेव. दमट केस पिशवीत गेले तर बुरशी धरते, आणि पोस्टाने दोन दिवस लागोत की सहा, वास मारायला तेवढे पुरतात. ओला केस फुगतो हेही लक्षात ठेव: ओल्या केसांवर घट्ट बसलेलं रबर वाळल्यावर सैल होतं आणि शेपटी आतून सुटायला लागते.

पार्लरमधल्या ताई सवयीने आधी पाण्याचा फवारा मारतील. पहिलं वाक्य तेच सांग: पाणी नको. एक मोठी शेपटीही नको. सगळे केस मागे ओढून बांधले तर कपाळावरच्या केसांचे चार-पाच इंच नुसते मागे पोचण्यात जातात आणि कापताना ते आखूड निघतात. सहा भाग कर: पुढे दोन, मध्ये दोन, मानेपाशी दोन. प्रत्येकाला जिथल्या तिथे रबर, डोक्यापासून किमान दोन इंच सोडून, म्हणजे नंतर उरलेले केस सारखे करायला जागा राहते. त्याच्याखाली दर चार इंचांवर आणखी एक रबर. वरच्या रबरापासून शेंड्यापर्यंत पुन्हा मोजायचं. टेप नसेल तर शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी चालेल, पण ती १२ इंचांना अर्धा सेंटिमीटर कमी पडते.

कात्री रबराच्या वर अर्धा इंच. रबराच्या खाली कापलं की शेपटी हातातच सुटते आणि सगळं मुसळ केरात. शेपटी जाड असेल तर कात्री केस चावते, रबर खाली घसरत जातं, म्हणून एकदम दाबायचं नाही, थोडे-थोडे केस घेत कापायचं. एका हाताने रबर घट्ट धरून ठेवणारं दुसरं माणूस असलं तर उत्तम. विरळ करायची दातेरी कात्री किंवा वस्तरा नको. कापलेली शेपटी टेबलावर आडवी ठेव, सगळ्यांची मुळं एका बाजूला. मुळाच्या रबराखाली कागदाची पट्टी अडकवून त्यावर ‘मूळ’ लिहिलंस तर रबर तुटलं तरी दिशा शिल्लक राहते. ज्या केसांना रबर नव्हतं, ते खाली पडलेले, ते सोडून दे. मोह होतो, पण पिशवीत टाकू नकोस.

वेणी घालून कापली तर चालत नाही असं नाही, पण पीळ असल्यामुळे कापलेलं टोक तिरकं येतं आणि बरेच केस इंच-दीड इंच आखूड निघतात. रबराच्या शेपट्याच बऱ्या. आणि घरात कुणाच्या डोक्यावर जट असेल, ती कापून घेतली असेल, तर ती विगला उपयोगाची नाही. त्यातला केस नमद्यासारखा एकमेकांत बसलेला असतो.

आई विचारेल, परत कधी वाढणार. बारा इंचांना साधारण दोन वर्षं.

पाठवताना प्रत्येक शेपटी सैल वळवून झिपच्या पिशवीत ठेव, पिन किंवा क्लिप आत राहू देऊ नकोस. संस्थेचा फॉर्म असेल तर तो, नसेल तर चिठ्ठी: नाव, फोन, शेपट्यांची संख्या, सर्वांत आखूड केसाची लांबी, मेंदी कोणती आणि किती महिने. चिठ्ठी वेगळ्या पिशवीत. जाड लिफाफा, स्पीड पोस्ट, पावतीवरच्या नंबराचा फोटो. पोचपावती किंवा प्रमाणपत्र काही संस्था देतात, काही देत नाहीत. करसवलतीचं विचारलं नाहीस, तरी घरात कुणीतरी विचारेलच: प्राप्तिकरातली देणगीची सवलत पैशाच्या देणगीला आहे, केसांना नाही. आणि “मोफत कट करून देतो, केस आम्हीच पाठवतो” असं कुणी म्हणालं, तर कोणत्या संस्थेला ते नाव विचार आणि शेपट्या स्वतःच घेऊन ये. लांब केसाला बाजारात किलोवर भाव आहे.